वच्छामायची फेरी

गेल्या उन्हाळ्यात इकडे गुजरातेत, उधन्याला, एका लग्नाच्या पंगतीत माझ्या शेजारी एक तरुण येऊन बसला. पांडेसऱ्यात आम्ही ज्या गल्लीत राहायचो, तिथल्या मोतीलालभाऊंचा हा नातू. मी त्याच गल्लीतला जुना मास्तर हे कळल्यावर त्याने पोळी मोडता मोडता विचारलं, "म्हणजे तुम्ही वच्छामायला बघितलंय? जिच्या देवीच्या दिव्यानं गल्ली पेटली होती, ती?"

मी हो म्हणालो. तो पुढचं ऐकायला उत्सुक होता, पण तेवढ्यात वाढपी आला आणि विषय बदलला. मी बदलू दिला.

नव्वदच्या दशकातली ती आग त्या मुलाच्या जन्माआधीची. त्याला ती आजोबांकडून कळली असणार, आणि आजोबांनी सांगितली ती खोटी. मोतीलालभाऊंना खरं माहीत होतं. मलाही होतं. गल्लीत तेव्हा राहणाऱ्या प्रत्येकाला होतं. वच्छामायच्या दिव्याने आग लागली नव्हती. फायर ब्रिगेडच्या साहेबांनी विचारलं तेव्हा दिव्याचं नाव सांगणाऱ्यांत मीही होतो, आणि माझ्या तोंडून ते जास्त खरं वाटलं, कारण मी गुरुजी होतो. आता पंचाहत्तरी उलटली आहे. ही बाई कशी होती ते कुणीतरी नीट लिहून ठेवायला हवं.

वच्छामाय अमळनेरकडची. नवरा पांडेसऱ्यातल्या एका डाइंग मिलमध्ये रंगखात्यात होता. तो लवकर गेला. मुलगी लग्न होऊन कोसाडला गेली, आणि वच्छामायने एकटीने खाणावळ चालवली. मिलमधली खानदेशी पोरं तिच्याकडे जेवायची. शेवभाजी, कळण्याची भाकरी, ठेचा. आवाज असा, की गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या रिक्षावाल्यालाही कुणाच्या ताटात मीठ कमी पडलं ते कळावं. उंची बेताची, अंग भरलेलं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. नवरा गेल्यावरही ते तिने पुसलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, "देवीनं शे ते. त्याचं कुठे होतं?"

सगळ्यांना ती "भो", म्हणजे भाऊ, म्हणायची. पोराला भो, म्हाताऱ्याला भो, पोस्टमनला भो, एकदा तर माझ्या बायकोलाही. मला मात्र गुरुजी. तिच्या बोलण्यात अहिराणी, आमची मराठी आणि बाजारातली गुजराती अशी मिसळलेली असायची, की नवीन माणसाला पहिले काही दिवस फक्त हातवारेच समजायचे.

विस्तवाशी तिचं एक वेगळंच नातं होतं. काडी ओढली की चूल पेटवून झाल्यावर ती काडी पाण्यात बुडवायची, मगच टाकायची. पेटती काडी फुंकून विझवणं तिला पटत नसे. फुंकलेली काडी म्हणजे झोपेचं सोंग घेतलेलं पोर, असं तिचं मत. घरात कुणी "आग" शब्द काढला तर ती रागवायची. "विस्तू म्हन," म्हणायची. आणि चुलीजवळ कायम रेतीने भरलेलं एक घमेलं असायचं. त्यात मांजर घाण करायचं आणि ती मांजराच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची, पण घमेलं काही हलवायची नाही.

आमच्या गल्लीत विस्तवाची भीती खरीच होती. एकेका खोलीत दोन-दोन पाळ्यांची पोरं राहायची. दिवसपाळीचा गेला की रातपाळीचा त्याच खाटेवर येऊन झोपायचा. अंथरूण एक, उशी एक, हिटर एक. उघड्या कॉइलचा तो हिटर, विटेवर ठेवलेला. घासलेट रेशनवर पुरेसं मिळत नसे, म्हणून बहुतेक खोल्यांत हिटरच चालायचा. आणि पाळी बदलायच्या वेळी घोटाळा व्हायचा. जाणाऱ्याला वाटायचं, येणारा येतोच आहे, तो बघेल. येणाऱ्याला वाटायचं, जाणाऱ्याने बंद केलं असेल. तो वाटेत पानाच्या टपरीवर थांबायचा, आणि इकडे बंद खोलीत हिटर लालबुंद होऊन बसायचा. त्यावर दोरीवरचा एखादा टॉवेल पडला की झालं.

वीजही आमची स्वतःची नव्हती. मीटर होता एकट्या मोतीलालभाऊंच्या घरी. तिथून पुढच्या सगळ्या खोल्यांना वायर ओढलेली. पत्र्यांवरून, वळचणीखालून, कुठे खिळ्याला गुंडाळून. भार वाढला की फ्यूज उडायचा आणि अख्खी गल्ली काळोखात बुडायची. मग आरडाओरडा व्हायचा. नवरात्रात तर मांडवाची तोरणं आणि माइकसुद्धा त्याच वायरवर. त्या वर्षी फ्यूज सारखा उडायला लागला, ऐन गरब्याच्या वेळी पोरं हिरमुसली, तेव्हा मोतीलालभाऊंनी फ्यूजमध्ये जाडजूड तार पिळून बसवली. "आता उडतच नाही," असं त्यांनी सगळ्यांना अभिमानाने सांगितलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. अक्षरशः वाजवल्या, माइकवर घोषणा झाली होती.

वच्छामायकडे घट बसायचे. अखंड दिवा असायचा. गल्लीतल्या बायका तेल घेऊन यायच्या, कारण घरोघरी दिवा ठेवायला जागा नव्हती. तिची खोली मोठी, वर माळाही होता. त्या माळ्यावर शेजारच्या बायका साड्यांचे गठ्ठे ठेवायच्या. बाजारातून खडे चिकटवायला आणलेल्या त्या साड्या, सगळ्या पॉलिस्टरच्या. आणि गल्लीची वायर नेमकी त्याच माळ्यावरून पुढे जायची.

आग लागली ती संध्याकाळी, आरतीच्या वेळेला. सगळे मांडवात होते. आधी तोरणं लुकलुकली, मग वच्छामायच्या पत्र्याखालून धूर निघाला. पहिल्यांदा पाहणारे सगळे एकच सांगत होते, जाळ वरून, माळ्यावरून येतोय. पॉलिस्टर वितळून थेंब थेंब खाली पडत होतं. तिची खोली आणि लगतच्या दोन खोल्या गेल्या. माणूस कुणी गेलं नाही. मोतीलालभाऊंचा हात भाजला, तेही वायर ओढून तोडताना. त्या आधी आणि नंतर त्यांचं काहीही असो, वायर त्यांनीच तोडली, हेही लिहायला हवं.

फायर ब्रिगेडचे साहेब गुजराती. आग विझल्यावर त्यांनी पाण्याने भिजलेल्या गर्दीला विचारलं, कशी लागली? वायरचं सांगितलं तर मीटर निघणार, सगळ्या गल्लीची वीज तुटणार, मोतीलालभाऊंवर केस होणार. हे कुणी कुणाला समजावून सांगितलं नाही. सगळ्यांना एकाच वेळी समजलं. मागून एक आवाज आला, "दिवा होता हिच्याकडे. देवीचा."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. कुणीतरी माझी ओळख मास्तर म्हणून करून दिली होती. "घरमां दीवो बळतो हतो?"

"हा साहेब," मी म्हणालो. "अखंड दीवो हतो."

वच्छामाय तिथेच उभी होती. पदर ओला, केसांत राख. मला वाटलं, आता ही फुटणार. तिने फक्त माझ्याकडे पाहिलं, जसं खाणावळीत पैसे बुडवून गाव सोडणाऱ्या पोराकडे पाहायची तसं. मग खाली वाकून तिने राखेतला आपला तवा उचलला.

वर्गणी काढून गल्लीने तिची खोली पुन्हा बांधून दिली. त्यात सगळ्यांचा हात मोकळा होता, आणि का होता हेही सगळ्यांना माहीत होतं. पण दिवा परत लावू दिला नाही. पुढच्या नवरात्रात बायकांनी तिला आडून आडून सांगितलं, यंदा घट मांडवातच बसवू, तुझ्याकडे नको. खोटं सांगितलं होतं ते आम्हीच, आणि आता आम्हालाच ते खरं वाटू लागलं होतं. लहान पोरं तर तिला पाहून चिडवायचीही.

दुसरी एखादी मुलीकडे कोसाडला निघून गेली असती. वच्छामायने वेगळंच केलं.

एका संध्याकाळी पाळी बदलायच्या सुमाराला ती हातात लाटणं घेऊन बाहेर पडली. पहिल्याच खोलीचं दार तिने लाटण्याने वाजवलं. आत सुक्राम नावाचा पोरगा डबा भरत होता. तिच्याच खाणावळीतला.

"काय रे भो, हिटर बंद कया का?"

"करतो ना माय, निघताना."

"निघताना नही. आत्ता. मन्हा समोर."

"माय, माझा हिटर आहे, मी बघेन ना!"

"तुना हिटर तुना नही, गल्लीना शे." आणि तिने लाटण्याने बटण बंद केलं. लाकडाला करंट लागत नाही हे तिला कुणीतरी सांगितलं होतं, तेव्हापासून वीज या विषयात तिचं एकच हत्यार होतं.

सुक्राम चिडला. पोरगा वीस-बावीसचा, तोंडाळ. "आग लावली तू आणि दारं आमची वाजवतेस?" तो म्हणाला. मी ओट्यावर वर्गातल्या वह्या तपासत होतो. मला वाटलं, आता ही रडेल किंवा लाटणं त्याच्या डोक्यात घालेल.

ती म्हणाली, "हो रे भो. मनामुये आग लागनी नं? मंग आते मीच देखसू."

सुक्राम डबा उचलून बाहेर पडला. तिच्यामुळे आग लागली असं आम्हीच ठरवलं होतं, मग आगीची काळजी वाहायचा तिचा हक्क नाकारणार कसा?

त्या दिवसापासून तिची फेरी सुरू झाली. रोज पाळी बदलताना. एका टोकाला सुरुवात, दुसऱ्या टोकाला मोतीलालभाऊंच्या दाराशी शेवट. पहिली जी मोठी गोष्ट तिने केली ती तिथेच. वायरमनला घरून बोलावून आणलं, मोतीलालभाऊंच्या मीटरसमोर उभं केलं आणि ती जाडी तार काढायला लावली. मोतीलालभाऊ म्हणाले, "रोज फ्यूज उडेल मग!"

"उडू दे. उडाला की समजा, जीव वाचना." आणि मग दाराशी जमलेल्या बायकांकडे वळून, अगदी गंभीर चेहऱ्याने, "आग लावणारी बाई सांगी राहिनी. आयकी ल्या."

बायका हसल्या. मोतीलालभाऊ हसले नाहीत. पण तार निघाली. आणि फ्यूज उडू नये म्हणून गल्लीला पहिल्यांदाच हिटर पाळीपाळीने लावावे लागले. कुणाची भाकरी कधी, यावर भांडणं झाली. ती वच्छामायने सोडवली आणि त्यात तिला फार मजा आली.

तिने बंद पाडलेल्या गोष्टींची यादी करायला बसलो तर पान पुरणार नाही. खडे चिकटवायचं सोल्युशन उघड्या डब्यात ठेवून त्याच खोलीत चहा करणारी बाई, अगरबत्ती गादीच्या कडेला खोचणारा म्हातारा, दिवाळीत जिन्याखाली फटाके साठवणारी पोरं. यातला कुणी तिला आनंदाने घरात घेत नसे. पण "आग लावणारी" म्हटल्यावर तिला अडवायचं कसं, हेही कुणाला कळत नसे.

एका घरापाशी मात्र ती हसत नसे. तिथे नवी सून आली होती आणि आतून आवाज यायचे. त्या काळात पेपरात रोज कुठे ना कुठे स्टो भडकायचा. वच्छामाय मला एकदा म्हणाली होती, "गुरुजी, हाऊ स्टो नेहमी सूननाच हातमा कसा भडकस?" त्या घरी ती फेरीत दोनदा जायची, एकदा जाताना आणि एकदा येताना. दारातून मोठ्याने सुनेचं नाव घ्यायची, ती बाहेर येईपर्यंत हलायची नाही. मग तिचा स्टो बाहेर ओट्यावर मागवायची, पिन मारून द्यायची, वायसर बघायची आणि सासूला सांगायची, "स्टो एकदम नवा शे आते. काही झालं ते मी म्हनसू, स्टोले काही नही व्हतं." सासूने तोंड फिरवलं. पण ती सून आज त्याच गल्लीत आहे, तिला नातवंडं आहेत, आणि मी गेलो की चहा केल्याशिवाय सोडत नाही.

हळूहळू माझं मन मला खायला लागलं. वर्षभराने, दोन वर्षांनी असेल, मी एका दुपारी खाणावळीत गेलो. पोरं जेवून गेली होती. ती भांडी लावत होती.

"माय," मी म्हणालो, "त्या दिवशी साहेबांपुढे मी दिव्याचं बोललो. ते खरं नव्हतं."

"माले सांगी राहिनात का?" ती हसली. "गुरुजी, मना दिवा ते दुपारलेच इझी गयथा."

मला काही समजेना. मग तिने सांगितलं. त्या दुपारी जेवायला बसलेल्या एकाने उकडतं म्हणून टेबलफॅन फिरवला आणि देवीचा दिवा विझला. अखंड दिवा विझणं म्हणजे केवढं अशुभ! संध्याकाळच्या आरतीनंतर मांडवातल्या समईवरून गुपचूप ज्योत आणायची, असं तिने ठरवलं होतं. आरतीच्या वेळेला तिच्या घरात जळणारा दिवा नव्हताच.

"मग बोलली का नाहीस?"

"चार जनस्मा काय सांगू? देवीना दिवा मी इझू दिना? गल्लीना बाया तेल लई येत व्हत्या. माले लाज वाटनी." तिने तवा पालथा घातला. "तुम्ही सगळा खोटं बोलनात, मी बी गप ऱ्हायनू. बराबर शेत आपन."

बरोबरीत कुठे होतो? तिने आपली लाज झाकली होती, आम्ही आमचा मीटर वाचवण्यासाठी तिचं नाव पुढे केलं होतं. मी म्हणालो, मी गल्लीत सगळ्यांना बोलावून सांगतो. आता तार निघाली आहे, कुणाचं काही बिघडणार नाही. दिवाही परत तुझ्याकडे बसेल.

दिव्याचं नाव निघाल्यावर तिने पालथा घातलेला तवा पुन्हा उलटून पुसायला घेतला. तो तिला हवा होता. नवरात्रात ती मांडवाच्या कडेला, बायकांच्या मागे उभी राहायची, हे मी पाहिलं होतं.

मग ती म्हणाली, "गुरुजी, गप बठा. मना माथावर आळ शे म्हनीसन लोकं दार उघडतस. आळ काढी टाका, ते सकाय कोन उघडी?"

उद्या कोण दार उघडेल. तिचं म्हणणं खरं होतं की नव्हतं, मला तेव्हा ठरवता आलं नाही. खरं सांगायचं तर तिने मला थांबवलं याचं मला बरंच वाटलं. ज्याला बोलायचंच नाही त्याला इतकं चांगलं कारण फार क्वचित मिळतं.

तशीच काही वर्षं गेली. तिची फेरी कधी चुकली नाही. गल्लीत पुन्हा आग लागली नाही. दशक संपत आलं तेव्हा प्रत्येक घराला स्वतःचा मीटर मिळाला, पत्र्यावरच्या वायरी निघाल्या. मोतीलालभाऊंनी पेढे वाटले. वच्छामायचे गुडघे तोवर गेले होते. खाणावळ तिने सुक्रामला दिली. हो, त्याच सुक्रामला. तो आता लग्न झालेला, दोन पोरांचा बाप होता आणि त्याच्या बायकोच्या हाताला चव होती. मुलीने आईला कोसाडला न्यायचं ठरवलं.

ती निघाली तो दिवस मला स्पष्ट आठवतो. टेम्पोत सामान चढत होतं. भांड्यांचं पोतं, खाट, देवांची पेटी. बायकांनी तिची ओटी भरली. कुणी डोळे पुसले. मोतीलालभाऊ पुढे आले, काहीतरी बोलायचं म्हणून तोंड उघडलं आणि "जपून जा" एवढंच म्हणाले. वच्छामाय सगळ्यांना सूचना देत होती. सुक्रामच्या बायकोला चुलीबद्दल, मला माझ्या बायकोच्या औषधाबद्दल, टेम्पोवाल्याला त्याच्याच टेम्पोबद्दल. पाळी बदलायची वेळ झाली होती, आणि ती खोल्यांकडे पाहायचं टाळत होती. आज फेरी व्हायची नव्हती, उद्याही नाही.

मी तिला ड्रायव्हरशेजारी बसायला हात देत होतो, तेव्हा कोपऱ्यावरच्या खोलीतून एक पोरगा बाहेर पडला. ओडिशाचा, आठवड्यापूर्वीच आलेला. अहिराणी तर सोडाच, धड हिंदीही येत नव्हती त्याला. वच्छामाय कोण, दिवा कुठला, आग कधीची, यातलं एक अक्षर त्याला ठाऊक असणं शक्य नव्हतं. डबा घेऊन तो झपाझप चालत होता, गाडीला वळसा घालून थोडा पुढे गेला आणि थबकला. काहीतरी आठवल्यासारखं कपाळाला हात लावून परत फिरला. खोली उघडली. आत हिटरचं बटण बंद केल्याचा आवाज झाला. मग कुलूप लावून, ओढून बघून, तो आला तसाच घाईने मिलच्या रस्त्याला लागला.

"याले कोन सांगं?" वच्छामायने विचारलं.

सुक्राम टेम्पोची दोरी बांधत होता. "कुणी नाही सांगितलं, माय. खोलीतले बाकीचे करतात, म्हणून करतो."

ती त्या पोराच्या पाठीकडे बघत राहिली, तो वळणावर दिसेनासा होईपर्यंत. ड्रायव्हरने गाडी चालू केली. तिने खिडकीतून वाकून माझ्या मनगटाला धरलं, जोरात, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा तिच्या नेहमीच्या आवाजात नव्हे, अगदी हळू म्हणाली,

"आते सांगी द्या, गुरुजी."